हैदराबादच्या नावाची विमानं आणि फ्लाइंग ऑफिसर एम्डन

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या मासिक बैठकीत मी ‘पहिलं महायुद्ध आणि हैदराबाद संस्थान’ या विषयावर बोललो होतो. ओघात सांगून गेलो की ब्रिटिश हवाई दलात ‘हैदराबाद स्क्वॉड्रन’ नावाची तुकडी होती. चहाच्या वेळी काचीगुड्याच्या एक ज्येष्ठ सभासद जवळ आल्या आणि त्यांनी विचारलं, “म्हणजे त्यात आपल्याकडची मुलं होती का हो?” मी चहाचा कप हातात धरूनच म्हणालो, “असतील की.”

घरी आल्यावर ते ‘असतील की’ मला टोचायला लागलं. तीस वर्षं कारखान्यात काम करताना कुणी मला ‘बेअरिंग ठीक असेल की’ असं सांगितलं असतं, तर मी त्याला उभं केलं असतं. मग इतिहासात ही सवलत कशाला? शोधायला बसलो. उत्तर वेगळंच निघालं, आणि त्या उत्तरामागे एक माणूसही निघाला. त्याच्याविषयी हा लेख आहे. माझ्या चुकीची दुरुस्तीही यातच आहे असं समजावं.

नाव कुठून आलं

आधी सरळ उत्तर. हैदराबाद स्क्वॉड्रन म्हणजे हैदराबादच्या लोकांची तुकडी नव्हे. हैदराबादचं होतं ते नाव आणि पैसा. विमानं चालवणारी माणसं ब्रिटनची आणि ब्रिटिश साम्राज्याच्या इतर भागांतली होती.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी एक पद्धत रूढ केली होती. एखादा संस्थानिक, एखादं शहर किंवा एखादी वसाहत विमानाची किंमत देई, आणि मग त्या विमानाच्या अंगावर देणाऱ्याचं नाव रंगवलं जाई. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात, त्यातलाच प्रकार. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी एकदोन विमानांवर न थांबता एका अख्ख्या स्क्वॉड्रनच्या विमानांची किंमत दिली. त्या स्क्वॉड्रनचा क्रमांक ११०. म्हणून तिचं नाव पडलं ‘क्रमांक ११० (हैदराबाद) स्क्वॉड्रन’.

ही स्क्वॉड्रन १ नोव्हेंबर १९१७ रोजी इंग्लंडमध्ये उभी राहिली. तिला मिळालेलं विमान होतं डी हॅविलंड यांच्या आराखड्याचं डी.एच. ९ ए. दोन पंखी, दोन माणसांचं, दिवसा बाँब टाकायला जाणारं. त्यात ४०० अश्वशक्तीचं अमेरिकन ‘लिबर्टी’ इंजिन होतं. हे विमान घेऊन प्रत्यक्ष लढाईत उतरलेली पहिली स्क्वॉड्रन म्हणजे आपली ११०.

१ सप्टेंबर १९१८ ला ती फ्रान्समध्ये बेतोंकूर इथे पोचली. तिथे ट्रेंचर्ड यांच्या हाताखाली ‘इंडिपेंडंट फोर्स’ काम करत होता. आघाडीवरच्या खंदकांशी या दलाला देणंघेणं नव्हतं. जर्मनीच्या आतले कारखाने, रेल्वे आणि विमानतळ यांच्यावर बाँब टाकणं हे त्याचं काम. १४ सप्टेंबरला ११० ची पहिली मोहीम झाली आणि ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. म्हणजे जेमतेम दोन महिने. एवढ्या काळात या एका स्क्वॉड्रनची १७ विमानं शत्रूशी लढताना गेली आणि आणखी २८ अपघातांत मोडली. एका स्क्वॉड्रनकडे एका वेळी साधारण १८ विमानं असत. म्हणजे दोन महिन्यांत संपूर्ण ताफा दोनदा संपून तिसऱ्यांदा निम्मा संपला. प्रत्येक विमानात दोन माणसं.

त्यांतलं एक विमान आजही पाहायला मिळतं. एफ १०१० हा त्याचा क्रमांक. ५ ऑक्टोबर १९१८ ला ते जर्मन हद्दीत उतरावं लागलं आणि आतली दोन्ही माणसं युद्धकैदी झाली. जर्मनांनी ते पुढे बर्लिनच्या संग्रहालयात मांडलं. दुसऱ्या महायुद्धात ते पोलंडकडे हललं, मग क्राकोच्या संग्रहालयात राहिलं, आणि १९७७ मध्ये अदलाबदलीत ब्रिटनला परत मिळालं. आता ते लंडनला हेंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहे, अंगावर निजामाच्या देणगीच्या मजकुरासह. मुलीकडे गेलो होतो तेव्हा मी ते पाहिलं. चारमिनारपासून इतक्या लांब, लाकूड आणि कापडाच्या एका सांगाड्यावर आपल्या गावाचं नाव वाचताना नेमकं काय वाटतं ते सांगणं अवघड आहे. अभिमान म्हणावा तर पुरता अभिमान नाही, आणि परकं म्हणावं तर तसंही नाही.

४ सप्टेंबर १९३९

पहिलं युद्ध संपल्यावर ११० स्क्वॉड्रन मोडली. हिटलरची धास्ती वाढली तशी ती १८ मे १९३७ ला पुन्हा उभी राहिली, हैदराबादचं नाव कायम ठेवूनच. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ती सफक परगण्यातल्या वॉटिशम इथे होती आणि तिच्याकडे ‘ब्लेनहाइम ४’ ही विमानं होती. ब्रिस्टल कंपनीचं हे दोन इंजिनांचं, हलक्या वजनाचं बाँबफेकी विमान. दोन्ही इंजिनं ‘मर्क्युरी’, प्रत्येकी ९०० अश्वशक्तीच्या आसपास. आत तिघांची सोय: वैमानिक, दिशा दाखवून बाँब सोडणारा निरीक्षक, आणि बिनतारी यंत्र व बंदूक सांभाळणारा तिसरा. बाँब मावत सुमारे ४५० किलो. १९३५ मध्ये याचा पूर्वज आकाशात गेला तेव्हा त्याचा वेग पाहून लोकांनी तोंडात बोटं घातली होती. चार वर्षांत तो वेग जुना झाला होता.

३ सप्टेंबर १९३९ ला, रविवारी सकाळी, ब्रिटनने युद्ध जाहीर केलं. त्याच दिवशी एक ब्लेनहाइम विल्हेल्म्सहाफेन बंदराच्या बाजूला टेहळणी करून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा गेलं आणि जर्मन युद्धनौका कुठे उभ्या आहेत याची खबर घेऊन परतलं. मग हल्ल्याचा हुकूम निघाला.

हुकमाला मोठी अट होती. त्या पहिल्या दिवसांत दोन्ही बाजू नागरी वस्तीवर बाँब टाकायला बिचकत होत्या. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तसं आवाहनही केलं होतं. म्हणून वैमानिकांना बजावलं होतं की पाण्यात उभ्या असलेल्या युद्धनौकांवरच हल्ला करायचा, जमिनीवर काहीही पडता कामा नये. पुढे सहा वर्षांत काय काय घडलं हे ज्याला माहीत आहे त्याला ही अट वाचून गलबलून येतं.

एकूण १५ ब्लेनहाइम निघाली. ११० ची पाच, १०७ ची पाच आणि १३९ ची पाच. पहिल्या दोन स्क्वॉड्रन वॉटिशमच्या, तिसरी वायटनची. ११० चं नेतृत्व होतं फ्लाइट लेफ्टनंट केनेथ डोरन यांच्याकडे. वॉटिशमपासून विल्हेल्म्सहाफेन सुमारे ५०० किलोमीटर, तेही बरंचसं समुद्रावरून. हवा वाईट, ढग पार खाली आलेले. १३९ ला लक्ष्य सापडलंच नाही, ती पाचही विमानं बाँब न टाकता परतली.

अकरा सेकंदांचा हिशोब

इथे माझ्यातला इंजिनिअर गप्प बसत नाही, तेव्हा दोन मिनिटं आकडेमोड सहन करावी. या मोहिमेचं यश आणि अपयश दोन्ही त्या आकड्यांत आहे.

युद्धनौकेचं डेक चिलखती असतं. ते फोडायचं तर जाड पोलादी कवचाचा बाँब उंचावरून टाकावा लागतो, म्हणजे खाली येईपर्यंत तो पुरेसा वेग घेतो. आधी विमानांवर त्याच जातीचे बाँब चढवले होते. पण ढग एवढे खाली असताना उंचावरून दिसणार काय? म्हणून ऐन वेळी ते उतरवून साध्या जातीचे ५०० पौंडी बाँब लावले आणि खालून जाऊन हल्ला करायचं ठरलं. खालून टाकलेला बाँब आदळताक्षणी फुटला तर टाकणाराच त्यात सापडतो. यासाठी त्यांना ११ सेकंदांची मुदत दिलेली होती. म्हणजे बाँब आदळल्यावर ११ सेकंदांनी फुटणार.

समजा विमान ५०० फुटांवर, म्हणजे १५० मीटरवर आहे आणि वेग ताशी ३७० किलोमीटर आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे १०३ मीटर. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर बाँब साडेपाच सेकंदांत खाली पोचतो. तोवर त्याचा खाली येण्याचा वेग सेकंदाला ५४ मीटर झालेला असतो, पण पुढे जाण्याचा वेग अजून १०३ च आहे. म्हणजे तो डेकवर २८ अंशांच्या आसपास कोनात आदळतो, जवळजवळ घसरत. तळ्यात चपटा दगड भिरकावला की तो टप्पे खात जातो ते आठवा. चिलखती पत्रा, तिरपा कोन, आणि फुटायला ११ सेकंद बाकी. असा बाँब पत्र्यात घुसण्यापेक्षा उसळून पाण्यात जाण्याचीच शक्यता जास्त.

तसंच झालं. डोरनच्या विमानांनी ‘अॅडमिरल शीर’ या मोठ्या युद्धनौकेला गाठलं. जर्मन बेसावध होते. बाँब नेमके पडले, तीन तर नौकेवरच आदळले, पण एकही फुटला नाही. नेम अचूक, धाडस पुरेपूर, आणि हत्यार त्या कामाचं नाही.

आता दुसरी बाजू पाहा. बाँब आदळल्यावर ११ सेकंदांत विमान सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर पुढे निघून जातं, म्हणजे पहिला वैमानिक सुरक्षित. पण मागून येणाऱ्यांनी काय करायचं? पहिला बाँब फुटायच्या आत सगळ्यांनी नौकेवरून पार व्हायचं, नाहीतर आपल्याच सोबत्याच्या स्फोटात सापडायचं. म्हणून एकापाठोपाठ, वेगवेगळ्या दिशांनी, काही सेकंदांच्या अंतराने येणं भाग होतं. पहिला येतो तेव्हा तोफेवरचे लोक गाफील असतात. शेवटचा येतो तेव्हा प्रत्येक नळी आकाशाकडे वळलेली असते. रांगेत कुणाची जागा कितवी, यावर कोण घरी जाणार हे ठरत होतं.

११० च्या पाचांपैकी चार परतली. मागून आलेल्या १०७ ला पूर्ण जागं झालेलं बंदर भेटलं. तिच्या पाचांपैकी चार विमानं पडली. त्यांत मेलेल्या वैमानिकांत पायलट ऑफिसर ब्रायन लाइटॉलर होते, ‘टायटॅनिक’वरून वाचलेले अधिकारी चार्ल्स लाइटॉलर यांचे धाकटे चिरंजीव. मुलगा गेल्यावर नऊ महिन्यांच्या आत तेच वडील स्वतःची छोटी होडी घेऊन डंकर्कला गेले आणि सैनिकांना घेऊन परतले. त्याच संध्याकाळी ब्रुन्सब्यूटेलकडे गेलेल्या वेलिंग्टन विमानांपैकीही दोन गेली. एकूण सात विमानं, युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी.

११० चं जे एक विमान परतलं नाही, त्याचे वैमानिक होते फ्लाइंग ऑफिसर एच. एल. एम्डन.

एम्डनवर एम्डन

पुस्तकांमध्ये या अधिकाऱ्याला सहसा एकच ओळ मिळते, आणि तीही एका योगायोगामुळे. बंदरात त्या दिवशी ‘एम्डन’ नावाची जर्मन क्रूझर उभी होती. तोफांचा मारा बसलेलं एक ब्लेनहाइम थेट तिच्या पुढच्या भागावर जाऊन आदळलं. नौकेवरचे काही खलाशी मेले. शीरवर पडलेल्या बाँबांनी जे साधलं नाही ते या कोसळलेल्या विमानाने साधलं. आणि ते विमान एम्डन यांचंच होतं असं या मोहिमेवरच्या लिखाणात सांगितलं जातं. एम्डन नावाचा वैमानिक एम्डन नावाच्या नौकेवर पडला.

एम्डन हे मुळात वायव्य जर्मनीतलं एक बंदर, विल्हेल्म्सहाफेनपासून फार लांब नाही. आपल्याकडे गावावरून आडनावं पडतात तशीच युरोपातही पडतात. तर एका गावाचं नाव एका इंग्रज अधिकाऱ्याचं आडनाव होतं, आणि त्याच गावाचं नाव एका युद्धनौकेला दिलेलं होतं.

आपल्या दक्षिणेकडच्या लोकांना हे नाव आणखी एका कारणाने ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात याच नावाची आधीची क्रूझर बंगालच्या उपसागरात घुसली होती. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासवर तोफा डागल्या आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. पुढे ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ने तिला निकामी केलं. पण मद्रासने तो धसका असा घेतला की तमिळमध्ये ‘एम्डन’ हा शब्दच होऊन बसला, जबरदस्त, चलाख, कुणाला न ऐकणारा माणूस या अर्थी. मद्रास, तंजावरकडच्या आपल्या मराठी नातेवाइकांना विचारून पाहा. १९२५ मध्ये विल्हेल्म्सहाफेनलाच पाण्यात सोडलेली नवी एम्डन त्या जुन्या नौकेची वारस होती. १९३९ ला जिच्यावर विमान आदळलं ती हीच.

गोष्ट म्हणून हे सगळं फार छान जमतं. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनचार मित्रांना फोन करून सांगितलं. पण आठवडाभराने एक गोष्ट खटकली. मी सगळ्यांना नावांचा खेळ सांगत होतो. माणूस कुठेच नव्हता. योगायोगामुळे त्याचं नाव टिकलं, आणि योगायोगानेच त्याला झाकून टाकलं.

म्हणून तो खेळ क्षणभर बाजूला ठेवून पाहू. युद्ध जाहीर होऊन दीड दिवसही झालेला नाही. एक तरुण अधिकारी आपल्या सोबत्यांना घेऊन उत्तर समुद्रावरून निघतो. समोर काय आहे याचा अनुभव त्यालाच काय, त्याच्या वरिष्ठांनाही नाही, कारण या युद्धात असं कुणी अजून केलेलंच नाही. ढगांखालून, जवळपास लाटांना घासत दोन तास उडायचं. शहरावर चुकूनही बाँब पडता कामा नये ही अट डोक्यात ठेवायची. आणि फुटणार नाहीत असे बाँब घेऊन तोफांच्या तोंडी जायचं. ते फुटणार नाहीत हे त्याला माहीत नव्हतं. नेमून दिलेलं काम करताना तो मेला, आणि त्याच्याबरोबर त्याच्या विमानातले सोबतीही. त्यांना तर योगायोगाचीही ओळ मिळत नाही.

डोरन यांना या मोहिमेसाठी डी.एफ.सी. हे पदक मिळालं. टेहळणी करणारे वैमानिक मॅकफर्सन यांनाही मिळालं. या युद्धातली ती पहिली डी.एफ.सी. पदकं. डोरन पुढे १९४० च्या एप्रिलअखेरीस पाडले गेले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. मॅकफर्सन मे १९४० मध्ये मारले गेले. म्हणजे पहिल्या दिवसाचे वीर वर्षभरही टिकले नाहीत. त्या दिवसांत ब्लेनहाइम उडवणं म्हणजे काय होतं, ते यावरून कळावं.

त्याच सुमारास हैदराबादेत

आता थोडं घरी येऊ. एम्डन ज्या नावाखाली लढायला गेले त्या हैदराबादमध्ये तेव्हा काय चाललं होतं?

३ सप्टेंबरलाच व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं होतं. निजाम तर इंग्रजांचे ‘विश्वासू दोस्त’. पहिल्या युद्धातल्या मदतीनंतर त्यांना ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ ही इतर कुठल्याही संस्थानिकाला नसलेली पदवी मिळालेली होती. त्यांचं ‘विश्वासू दोस्त’ हे बिरुद दुसऱ्या युद्धातल्या क्रमांक १५२ (हैदराबाद) स्क्वॉड्रनचं ब्रीदवाक्य झालं, आणि तिच्या चिन्हावर निजामाचं शिरोभूषण आलं. क्रमांक २५३ ही तिसरी स्क्वॉड्रनही हैदराबादच्याच नावाची.

आणि प्रजा? आदल्याच वर्षी, १९३८ मध्ये, स्टेट काँग्रेसवर बंदी आली होती. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्याबरोबर अनेक जण सत्याग्रह करून तुरुंगात गेले होते. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं आणि त्यांतल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांत या दिवसांची एकतरी आठवण सांगितली जाते.

आणि पैसा कुणाचा? औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाचही जिल्हे तेव्हा याच संस्थानात होते. देणगी कुठल्याही खात्यातून गेली असली तरी संस्थानाची श्रीमंती शेवटी जमिनीच्या साऱ्यातून उभी राहिलेली होती. तेव्हा १९१८ च्या त्या विमानांच्या कापडात आणि इंजिनात कुठेतरी जालन्या-परळीच्या कापसाचा आणि ज्वारीचाही वाटा होता, असं म्हटलं तर ते फार चूक ठरणार नाही. तो वाटा देणाऱ्याला कुणी विचारलं मात्र नव्हतं.

म्हणूनच मला हा विषय अवघड वाटतो. ‘हैदराबाद स्क्वॉड्रन’ ऐकून छाती फुगवावी, तर ते नाव आपण दिलेलं नाही. ज्या सत्तेविरुद्ध आपले आजोबा-काका तुरुंगात गेले तिने ते दिलेलं. आणि ‘आपला काय संबंध’ म्हणून झटकून टाकावं, तर त्या नावाखाली माणसं मेली आहेत, दोन्ही युद्धांत, आणि ती नाझींशी लढताना मेलेली माणसंही आहेत. निजामाच्या राजकारणाशी एम्डन यांचा काडीचा संबंध नव्हता. विमान कुठल्या नावाच्या स्क्वॉड्रनमध्ये मिळालं, एवढाच काय तो धागा.

नाव हैदराबादच्या जवळ आलं

या स्क्वॉड्रनची पुढची वाटही सांगायला हवी, कारण ती फिरून आपल्या दिशेला येते. १९४२ मध्ये ११० स्क्वॉड्रन हिंदुस्थानात आली. हैदराबादचं नाव पंचवीस वर्षं मिरवून झाल्यावर ती पहिल्यांदा हैदराबाद ज्या देशात आहे त्या देशात उतरली. इथे तिला ‘व्हेंजन्स’ ही अमेरिकन बनावटीची, सूर मारून बाँब टाकणारी विमानं मिळाली आणि ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांविरुद्ध लढली. त्याच जातीची विमानं घेऊन भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनही त्याच आघाडीवर होत्या. म्हणजे हैदराबादच्या नावाची ब्रिटिश विमानं आणि भारतीय वैमानिकांची विमानं एकाच आकाशात उडाली. बैठकीत मला विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर जवळपास कुठे असेल तर ते इथे: आपली मुलं होती, पण शेजारच्या स्क्वॉड्रनमध्ये.

१९४४ च्या शेवटी ११० कडे ‘मॉस्किटो’ आली. युद्धाच्या अगदी अखेरीस, ऑगस्ट १९४५ मध्ये, ब्रह्मदेशात तिने टाकलेले बाँब हे ब्रिटिश हवाई दलाचे या युद्धातले शेवटचे बाँब, असं स्क्वॉड्रनच्या इतिहासात अभिमानाने सांगितलं जातं. पहिल्या हल्ल्यात जी पुढे होती तीच शेवटच्याही वेळी होती. नंतर ती मलाया-सिंगापूरकडे राहिली, शेवटी हेलिकॉप्टरं चालवत होती, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कायमची बंद झाली. हैदराबाद संस्थान तर १९४८ च्या सप्टेंबरमध्येच संपलं होतं. म्हणजे संस्थान गेल्यावरही सव्वीसतेवीस नव्हे, पुरी बावीस वर्षं त्याचं नाव एका परदेशी विमानदलात जिवंत राहिलं.

आठवायचं कसं

आपल्याकडे अशा विषयांचं दोन प्रकारे वाटोळं होतं. एक तर ‘ब्रिटिश हवाई दलात हैदराबादचा डंका’ अशा थाटात सगळं आपलं करून टाकायचं. माझं ‘असतील की’ त्याच वाटेवरचं होतं. किंवा गुलामीची खूण म्हणून पान उलटायचं. दोन्हींत माणूस हरवतो.

मला वाटतं, जे आहे ते तसंच सांगावं. विमानांचा पैसा निजामाने दिला, लोकांना न विचारता. नाव आपल्या शहराचं लागलं. त्या नावाखाली आपल्यापैकी कुणी नव्हे, दुसऱ्याच देशांची मुलं लढली आणि मेली. त्यांतला एक, दुसऱ्या युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी, एच. एल. एम्डन. त्याच्यावर आपला हक्क नाही. पण आपल्या गावाचं नाव घेऊन गेलेला माणूस कोण होता, हे आपल्याला ठाऊक असावं, एवढं देणं लागतंच.

आपल्यापैकी कुणी लंडनला गेलं तर हेंडनच्या संग्रहालयात एफ १०१० जरूर पाहावं. तिथे माणसं स्पिटफायरपुढे गर्दी करतात, हे विमान शांतपणे पाहता येतं. अंगावरचा मजकूर वाचावा, पंखांखाली उभं राहून आतल्या दोन जागा एकमेकींना किती लागून आहेत ते बघावं. मग हे सगळं कागदावरचं राहत नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी काचीगुड्याच्या त्या बाईंना फोन केला. म्हटलं, “ताई, तेव्हा मी चुकीचं सांगितलं. आपली मुलं नव्हती त्यात.” त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. पण होती ती कुणाची तरी होतीच ना? त्या वैमानिकाचं नाव काय म्हणालात, जरा सावकाश सांगा, लिहून घेते.”